पोचण्यापुरता थेंब

वैजू,

तुझ्या बाराव्याला मी काहीच बोललो नाही. हे वाक्य तू चष्मा पुसून पुन्हा वाचलं असतंस, आणि मग वहिनीला फोन करून माझी तब्येत विचारली असतीस. लग्न असो, बारसं असो की कुणाचं दिवसकार्य, चार माणसं जमली आणि मी गोष्ट सांगितली नाही असं आपल्या घरात आजवर झालेलं नाही. जेवणं उरकल्यावर मसुऱ्याचे मामा सुपारी कातरत बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "भाई, वैजूचां कायतरी सांग मरे. ती सोड्याच्या गॅसाची सांग." मी पानं उचलायच्या निमित्तानं आत गेलो. पानं केव्हाच उचलून झाली होती. मागच्या पडवीत जाऊन रिकाम्या पातेल्यांकडे बघत उभा राहिलो.

काय सांगणार होतो? मामांना हवी होती ती गोष्ट तुला कधीच आवडली नव्हती. आणि जी सांगायला हवी होती, ती सांगू नको म्हणून तूच मला बजावून ठेवलं होतंस.

सोड्याच्या गॅसची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती मामांच्याच नंदूच्या लग्नात. तू नुकतीच हैदराबादच्या प्रयोगशाळेत लागली होतीस, आणि 'मुलगी नेमकं करते काय' हा प्रश्न पंगतीत वाढप्यासारखा फिरत होता. माझं विज्ञान दहावीला सुटलं. सुटल्याचा आनंद मला आणि विज्ञानाला सारखाच झाला असावा. तरी उत्तर द्यायला उभा राहिलो मीच. "आमची वैजू काय करता म्हायत आसा? सोड्याच्या बाटलीतलो गॅस घेता. तेका दाबता, तेका तापयता. असो दाबता, असो दाबता, की तेका कळणा नाय आपण गॅस आसव की पाणी. मगे त्या अर्धवटाच्या अंगार तेल वतता. आणि वर पगार घेता." मांडव हसला. हात धुवायच्या पिंपाशी तू मला गाठलंस.

"भाई, अर्धवट म्हणालंस तां बरोबर आसा. तो गॅस पण नाय आणि पाणी पण नाय. पण तेल वतणत नाय रे. तेलातलां एकेक वेगळां करतत."

"म्हणजे कसां?"

तू ओल्या हातानं हवेत एक रेघ ओढलीस. "आंगणेवाडीच्या जत्रेत आपण सगळी एकदम शिरतंव. भायर येताना एकदम येतंव?"

येत नव्हतो. सगळ्यात आधी मी, कारण मी कुठं थांबत नाही. मग तू. शेवटी आई, खाज्याच्या प्रत्येक दुकानापाशी थांबून, भाव करून, दुकानदाराच्या सासरची ओळख काढून.

"तसांच. तो दाबलेलो गॅस तेलाक घेवन एका बारीक नळीतसून जाता. जेचां नळीशी जास्त जमता तो मागे रवता. म्हणान एकेक जण येगळो भायर पडता."

इतकं सोपं मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी भारावून गेलो आणि पुढच्या लग्नात हीच गोष्ट सांगताना जत्रेत एक बैल उधळवला. त्याच्या पुढच्या लग्नात बैलामागे पोलीस आला. तू महिनाभर माझा फोन घेतला नाहीस. घेतलास तेव्हा पहिलं वाक्य होतं, "बैल काढ." आपलं भांडण तिथून जे सुरू झालं ते मिटलंच नाही. माझं म्हणणं, थोडं घातल्याशिवाय गोष्ट चालत नाही. तुझं म्हणणं, घातलं की ती गोष्ट ज्याची असते त्याची राहत नाही. एका चतुर्थीला दोघं इतके तावातावानं बोलत होतो की गणपतीच्या उंदराच्या वाट्याचेही मोदक थंड झाले आणि आई म्हणाली, "शिरा पडो तुमच्या वादार. खावा आधी."

गेली काही वर्षं तुझ्या बोलण्यात ते दुसरं यंत्र यायला लागलं. पहिल्या यंत्रातून काही बाहेर पडलं की कागदावर एक उंचवटा उमटतो, एवढंच. "दारार कोणतरी इलो तां कळता, पण कोण इलो तां कळणा नाय," असं तू म्हणायचीस. दुसरं यंत्र म्हणजे रेणूंचं वजन करणारा काटा. पाहुणा आला की त्याचं वजन सांगतो, आणि वजनावरून तो कोण ते कळतं. मग दोन्ही जोडायची, त्यात काय एवढं? असं मी विचारलं, कारण मी घरातला नळही जोडलेला नाही. तू शांतपणे समजावलंस. पहिल्या यंत्रात भयंकर दाब आणि काट्याच्या आत तर हवासुद्धा नाही. दोघांच्या मधल्या सांध्यात दाब सुटला की तो अर्धवट पुन्हा साधा गॅस होतो, फुगतो, गारठतो आणि एवढ्या लांबून सांभाळून आणलेलं तेल तिथंच टाकून निघून जातो. तेल सांध्यात गोठतं. काट्यापर्यंत काहीच पोचत नाही.

"वेशीपर्यंत इलो आणि वेशीरच सोडल्यान," मी म्हटलं.

"होय," तू म्हणालीस. "ह्यां मात्र बरां सांगितलंस." तुझ्याकडून मिळालेली अशी वाक्यं बोटांवर मोजण्याइतकीच. म्हणून सगळी लक्षात आहेत.

गेल्या चतुर्थीला गणपतीपुढं गाऱ्हाणं घालायला नेहमीसारखा मी उभा राहिलो. सगळ्यांचं सगळं मागून झालं, मग तुझ्यावर आलो. "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवान थय हैदराबादेक दोन मशिनींची जी काय सोयरीक मांडल्यान हा, ती निभावून ने म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या सांध्यात खंय गळती आसात, काय आडमेळां आसात, तां दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज तुझा. आणि तबक खाली ठेवेपर्यंतही तुला दम निघाला नाही. "गळती नाय रे भाई, गोठणां. तू गळती म्हणालंस. आता देव गळती बंद करीत आणि गोठणां तसांच रवात."

"देवाक कळता."

"तू सांगितल्यार कसां कळतलां?"

आई इतकी हसली की तिला पाटावर बसावं लागलं. ते हसणं आठवलं की मी आभार कुणाचे मानू ते मला समजत नाही. तुझेच मानतो.

निघताना आईनं दरवर्षीसारखा मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या तेलाचा, गोळा तुझ्या पिशवीत टाकला. आमसुलं झाल्यावर उरलेल्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल गोठू लागलं की मुठीत वळायचं. आईचं हे काम अजून कुणी हाती घेतलेलं नाही. वातानुकूलित खोलीत बसून तुझ्या टाचा फुटायच्या, त्यांच्यासाठी तो गोळा. या खेपेला टाचा तशाच राहिल्या. सांधा जमतो की नाही ते बघायला ओळखीचं, साध्या स्वभावाचं तेल हवं होतं, आणि त्यातलं चिमूटभर मुठेल तू यंत्रात घातलंस.

मग जत्रा आली. जत्रेची तारीख देवी ठरवते, आणि तो काटा तुला दुसऱ्या विभागानं थोड्याच दिवसांसाठी दिलेला. दोन्ही एकदमच आलं. आईनं तुझ्यासाठी खण आणून ठेवला होता. गावच्या देवीची ओटी लेकीनं भरावी एवढंच तिचं मागणं. तू फोन करून येत नाही म्हणालीस. मी फोन तिच्यापुढं धरला, तर ती तांदूळ निवडत मान वर न करता म्हणाली, "सांग तिका, मशिनीचीच ओटी भर." ते तुला ऐकू गेलं. मला माहीत आहे, कारण तू लगेच हवापाण्याचं विचारलंस.

पुढं तुम्ही दोघी फोनवर बोलत होतात. जेवलंस काय, कामवाली येते काय, पाणी उकळून पितेस काय. पण त्या वाक्याभोवती वळसा घालून.

जत्रा झाल्यावर तू मला कणकवलीला ऑफिसात फोन केलास. चहा नुकताच आला होता.

"भाई, सांधो जमलो."

मी उठून बाहेर आलो. तू भराभर सांगत होतीस. दाब शेवटपर्यंत धरून ठेवायचा, सांधा गरम ठेवायचा, आणि तेल वेगळं झाल्यावर, पण काट्यापर्यंत पोचायच्या आधी, त्यात थोडं मिथेनॉल सोडायचं. त्या मिथेनॉलमध्ये क्षाराची कणी.

"म्हणजे तिखटमीठ लावतंस."

"मीठ. तिखट नाय."

"थांब. तेलात मुळात नसलेलां तू वरसून घालतंस?"

"घालतंय."

"कित्याक?"

"नाय घातलां तर तेल पोचणा नाय रे."

चहा गार झाला तरी चालेल म्हटलं. इतक्या वर्षांचा वाद होता. "वैजू, ह्यांच तर मी तुका—"

"तू बादलीन वततंस. आमी थेंबान घालतंव."

"थेंब किती?"

"पोचण्यापुरतो."

आणि मग तुझा आवाज उतरला. मुठेलाच्या ओळखीच्या उंचवट्यांच्या आधी एक अनोळखी उंचवटा येत होता. लहानसा, पण प्रत्येक वेळी. काटा सांगत होता की ही वजनानं हलकी चरबी आहे, खोबरेलात असते तशी. म्हणजे तुझा सांधा घाणेरडा असला पाहिजे, आधीचं काहीतरी त्यात अडकून राहिलेलं असलं पाहिजे. तसं असेल तर जोडणी फसली. जत्रेचे सगळे दिवस तू त्या उंचवट्याच्या मागं होतीस. तुझा सहकारी राजीवन केसांना खोबरेल थापतो, म्हणून आधी त्याला खोलीबाहेर काढलंस. उंचवटा होताच. मग स्वतःच्या वेणीवर संशय घेतलास आणि कोकणात जन्मलेल्या बाईनं आठवडाभर डोक्याला तेल लावलं नाही. तरी तो होताच.

"भाई, आये मुठेल वळताना हाताक काय लावता?"

"पाणी," मी म्हटलं. ज्यानं आयुष्यात एकही गोळा वळला नाही त्याच्या अधिकारानं.

"तू बघितलंस?"

"जन्मभर."

"मगे आज परत बघ."

संध्याकाळी घरी आलो तर आई पडवीत ठेवणीतल्या बियांचं मुठेलच वळत होती. शेजारी वाटी. प्रत्येक गोळ्याआधी बोटं वाटीत बुडवायची, तळहातावर फिरवायची, मग मूठ. मी जन्मभर गोळा बघत आलो होतो. वाटी बघितलीच नव्हती.

"आये, हाताक खोबरेल कित्याक?"

"मगे काय चिकटान घेव? तुझी आजये पण तसांच करी."

विहिरीपाशी जाऊन तुला फोन लावला. तू मला वाटीचं दोनदा सांगायला लावलंस. मग म्हणालीस, "म्हणजे सांधो स्वच्छ आसा." पुन्हा तेच म्हणालीस. हसत होतीस की रडत, ते फोनवर कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. तेवढं विचारायचं राहून गेलं.

"आयेक सांगू नको हां," तू म्हणालीस. "मी येतंय. माझ्या तोंडान सांगतंय. तू सांगितल्यार तेच्यात बैल येतलो."

आली नाहीस. चैत्रात राजीवनचा फोन आला. त्याबद्दल मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात माझी गोष्ट काही नाही. रागावलो मात्र आहे तुझ्यावर. सगळ्या घराण्यात एक मी, ज्याच्या पोटात काही राहत नाही, त्याच्या पोटात हे ठेवून गेलीस. राजीवनलाच सांगायचं होतंस. तो निदान गप्प तरी असतो.

बाराव्याचे पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई पडवीत बसली होती. पुढ्यात मुठेलाचं पातेलं, वाटी. दिवस उन्हाचे, तेल नीट गोठत नव्हतं, तरी तिला हाताला काम हवं होतं. तिनं काही वळलं नाही. मला म्हणाली, "भाई, एक इचारू? त्या मशिनीत काय होतां रे?"

"कसल्या मशिनीत?"

"जत्रेक माका सोडून जेच्या म्होरे बसली, तेच्यात. तुका म्हायत असतलां. माझ्यापेक्षा मोठां असां काय होतां तेच्यात?"

खरं सांगतो वैजू, मी घाबरलो. तुझा शब्द होता, तो एक भाग. पण खरं सांगायचं तर असं सांगावं लागणार होतं की आये, तुझ्या हाताचं तेल तिथं जाऊन बसलं होतं, आणि ते कुणाचं ते शोधण्यातच तिचे जत्रेचे दिवस गेले. म्हातारीनं त्याचा अर्थ 'माझ्याच हातानं माझी पोर आली नाही' असा घेतला तर? मोठं काम होतं, सरकारी काम होतं, असं काही सांगून वेळ मारून नेता आली असती. तिनं मान हलवली असती. आणि उरलेली सगळी वर्षं एका यंत्राशी स्वतःला तोलत बसली असती.

मी सांगितलं. खाली बसून, हळू. बैल नव्हता, पोलीस नव्हता. दाबलेला गॅस, नळी, काटा, मधला सांधा. जत्रेत आपण एकामागून एक बाहेर पडतो ते. तुझ्या पिशवीतला गोळा. अनोळखी उंचवटा. राजीवनचे केस, तिथं ती किंचित हसली. मग वाटी.

"माझ्या तेलान तिचां काम अडलां?"

"अडलां," मी म्हटलं. "आणि तां तेल तुझां म्हणान कळलां तेव्हाच तिका कळलां, सांधो चोख आसा. नायतर सगळां मोडून परत बांधूचां लागला असतां."

आई वाटीत बघत होती. गोष्ट सांध्याशी आली होती आणि मला वाटलं, इथं गोठते. म्हणून म्हटलं, "तुका सांगूक येतंय म्हणाली होती गो. स्वताच्या तोंडान. तिकीट पण काढलेल्यान."

आईनं उजवा हात पालथा केला, मग उताणा. तळवा उजेडाकडं धरून बघितला. अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या पेरांत, जिथं तेल मुरून कातडी गडद झाली आहे तिथं.

"म्हणजे जत्रेचे दिवस ती माझ्या हाताकडेच बघीत बसलेली," ती म्हणाली.

मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी शाळेतून येऊन काहीबाही सांगायचो तेव्हा बघायची तसं.

"तिकीट तू काढलंस."

"आये—"

"तेलाचां तिचां. 'येतंय' म्हणाली तां पण तिचां. तिकीट तुझां आसा." आवाजात राग नव्हता. तांदळातून खडा काढून बाजूला ठेवावा तसं तिनं ते ठेवलं. "ऱ्हवांदे. तुझां काम तू केलंस."

तुझं यंत्र तिनं कधी बघितलं नाही, वैजू. बघायची गरज नव्हती. पोचण्यापुरता थेंब म्हणजे किती, हे तू मला सांगितलं नाहीस. आता विचारायचं कुणाला? अंदाजानं एकच घातला होता, आणि तो कुठला ते तिनं बसल्याजागी ओळखलं. पण पोचायचं ते तोवर पोचलं होतं.

मग तिनं वाटी पुढं ओढली. "हात कर," म्हणाली. माझ्या तळव्यावर खोबरेल सोडलं, वर पातेल्यातलं मऊ मुठेल ठेवलं. "वळ."

मी वळलं. पहिला गोळा मुठीतून निसटून पायावर पडला. दुसरा झाला, पण एका अंगानं चेपलेला. सुपारीसारखा म्हणावा तर सुपारीचा अपमान. मी तो बाजूला ठेवत होतो, तर आईनं उचलून आपल्या गोळ्यांच्या रांगेत ठेवला.

"चलात," ती म्हणाली. "टाचेक काय कळता."